‘कळलं का’चा रकाना

१२ नोव्हें., बुध
स. ६ – ३५०. कळलं का – न्हाई.
स. १० – ४००. न्हाई.
दु. २ – ३००. न्हाई.
दौंडच्या सिस्टरनी वहीत तीन रकाने आखून दिलेत. वेळ, नळीनं लघवी किती मिली निघाली, आन् साठल्याचं कळलं का. शेवटचा रकाना मी आता सकाळीच भरून टाकते. सिस्टरना कळलं तर ओरडतील. मागची पानं कोरी हायत, तिथं हे बाकीचं.
पुण्यात कमरेचं ऑपरेशन झालं, त्याला महिना उलटला. पाय चालतात. पण बसते तेवढी जागा माझी वाटत न्हाई. टोचलं तरी कळत न्हाई.

१४, शुक्र
दौंडला जाऊन आलो. सिस्टर म्हणाल्या, कमरेतली गादी सरकून खालच्या नसा दबल्या होत्या. लघवीची पिशवी भरली हा निरोप त्याच नसांतनं वर जातो, आन् सोड म्हणून हुकूम त्यांच्यातनंच खाली येतो. "नस सावकाश भरती, ताई. महिने जातील. येईल का न्हाई, ते आत्ता कुणीच सांगू शकत न्हाई."
ह्यांनी घरी येऊन आपल्या वडलांना समजावलं: मोटार चांगली, हिरीला पाणी हाय, स्टार्टरची वायर गेली. आप्पा माझ्यासमोर असलं ऐकून उठले आन् गोठ्यात गेले. सासरा माणूस, लाजले.

१७, सोम
शेवंतीची तोडणी. मी नुसती बांधावर बसून. दहा वाजता नळीसाठी घरी, परत बांधावर. बायका माझ्याकडं बघतात आन् बघितलं न्हाई असं दाखवतात.
सासूबाई म्हणाल्या, "पाणीच कमी पी की. आम्ही कुठं पितो?" खरंय. तोडायच्या बायका घोटभर चहावर येतात आन् दुपारपर्यंत पाण्याला शिवत न्हाईत. रानात आडोसा कुठाय? पंधरा वर्षं मी बी तेच केलं. लघवी दाबून धरण्यात मी पटाईत. आता मी न धरता तीच धरून बसलीय.

१९, बुध
हे जेवताना परत पेटले. "वरवंडच्या त्या डॉक्टरला मी सोडत न्हाई." दसऱ्याच्या झेंडूचं कॅरेट उचलताना माझी कंबर गेली, दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरकडं नेलं होतं. पुण्याचे डॉक्टर नंतर म्हणले, चार दिवस आधी आला असता तर. ते चार दिवस ह्यांच्या डोक्यातनं जात न्हाईत.
तक्रार अर्ज करायचाय. माझं अक्षर चांगलं, म्हणून मीच लिहायचा.

२०, गुरु
अर्ज लिहिला. हे सांगत होते, मी लिहीत होते. ‘सदर डॉक्टरांनी लघवीबाबत काहीही विचारपूस केली नाही.’ लिहिलं.
विचारलं होतं. हे गाडी लावायला गेले होते, आप्पा माझ्याशेजारी उभे. डॉक्टर म्हणले, "लघवी नीट होते ना? खाली बधिर वाटतंय का?" मी डोक्यावरचा पदर सारखा केला आन् म्हणाले, "न्हाई हो, सगळं नीट हाय. कंबरच दुखती." सकाळपासनं झाली नव्हती तवा. सासऱ्यासमोर कुठल्या तोंडानं सांगायचं, का खालचं सगळं बधिर झालंय म्हणून?
ते चार दिवस डॉक्टरनी न्हाई, मी घालवले.

२२, शनि
हे अर्ज खिशात घालून निघाले. गाडीला किक मारली आन् ओट्यावरनं आप्पा म्हणले, "थांब. इचारलं हुतं त्यानं. मी हुतो तिथं."
गाडी बंद.
"सूनबाईला माझ्यापायी बोलता आलं न्हाई. मी भाईर जायला पायजे हुतं. कळलं मला तवाच, पण पाय निघाला न्हाई."
ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "खरंय?"
"व्हय."
शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. अर्ज तसाच खिशात ठेवून रानात गेले.
दु. २ ची नळी राहिली. ४ ला ६५०. एवढी भरली तरी काय कळलं न्हाई.

२३, रवि
बोलणं न्हाई. ताट सारलं की जेवतात.
इनामगावहनं आईचा फोन. "कंबर कशी हाय बाई?" "बरी हाय." माहेरी अजून नुसती कंबरच सांगितलीय.

२५, मंगळ
शेवटी बोलले. "आप्पांसमोर न्हाई, ठीक हाय. मला तरी सांगायचंस. चार दिवस शेजारी झोपलो की गं मी." आन् रडले. लग्नाला पंधरा वर्षं झाली, हा माणूस रडताना कवा बघितला नव्हता.
मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मी भिंतीकडं बघत बसले. आत काय हललंच न्हाई. त्याचाच राग आला मला, माझा.

२७, गुरु
स. ६ – ३००. न्हाई.
स. १० – ३५०. न्हाई.
दु. २ ला नळी सरकवताना आत जळजळलं. मिरचीचा हात लागावा तसं, क्षणभर. कालबी झालं होतं. काल वाटलं भास. रकान्यात ‘न्हाई’ लिहिलं. आज बी ‘न्हाई’च लिहिलं.
जंतू झाले असतील. जळजळ, ताप आला तर लगेच कळवा असं सिस्टरनी सांगितलंय. नाहीतर नस जागी होत असंल. काय ते मला कुठं कळतंय? नस जागी झाली म्हणून सांगितलं आन् नुसते जंतूच निघाले, तर ह्यांचं तोंड बघवायचं न्हाई मला. म्हणून गप बसले.
तास झाला गप बसून. मग वही उघडून बघितली. परत तेच करतीय की मी!
दोन्ही दिवसांचं ‘न्हाई’ खोडलं. तिथं काय लिहायचं ते कळंना, जागा मोकळी ठेवली.
आत्ता हाक मारली. "अहो, जरा आत या."
"हात धुतो आन् आलो," म्हणले.