मेंढी खाली ठेवून

प्रिय आई,

नमस्कार आणि आधीच माफी. तू विणलेला स्वेटर खालच्या गावात ठेवूनच मी डोंगर चढले. वाटाड्याने सॅक रिकामी करवली आणि स्वेटर हातात तोलून म्हणाला, "ताई, हा स्वेटर आहे की मेंढी?" जीन्स नि जाड टॉवेलही मागेच राहिले. त्याऐवजी दोन पातळ लोकरी बनियन आणि मुठीत मावणारा रेनकोट घेतला.

मला भरवसा नव्हता. पण काल खिंडीत पावसाने झोडपलं, तरी मी उबदार राहिले. सोबतची डॉक्टरीण सुती कपड्यांत कुडकुडत होती, तिला दुसरा बनियन दिला. आता बरी आहे.

माझा गुडघा जरा कुरकुरतो, एवढंच. तुझा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात ना?

पाऊस थांबल्यावर समोर बर्फाचं शिखर दिसलं आणि मी "आई!" म्हणून ओरडले. पाय मुरगळला समजून वाटाड्या धावत आला. नुसती तुझी आठवण आली होती.

तुझी,
धाकटी