नऊपैकी तीन बदाम

ता. १९, मंगळवार

धाकटे,

तुझं पत्र पोचलं. गुडघे कसे आहेत? तुझ्या नवऱ्याचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर त्याला विड्या सोडायला सांग, औषधं पाजत बसू नकोस.

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे. एरवी मी सांगायचे आणि तुझी लेक लिहायची. शब्द सुटला तर लावून वाच. फोनवर तू लगेच रडतेस, मग माझं बोलायचं राहून जातं.

तुझ्या लेकीचा हात थोडा भाजलाय असं तुला सांगितलं होतं. थोडा नाही. उजवा हात, कोपरापर्यंत. दुसरीकडची कातडी लावतील, पण बोटं उघडतील का विचारलं तर डॉक्टर कागद चाळायला लागला. पहिल्या तारखेपासून ती ऑफिसात नोंदी लिहायला बसणार होती. ती जागा साहेबांनी कालच दुसरीला दिली.

तू लिहिलंस, ‘ताई, तू तिथे होतीस म्हणून मला घोर नाही.’ ते वाचून मी तासभर भांडी आपटत होते. तर ऐक.

आमच्या कारखान्यात बटाट्याची सालं कढत कॉस्टिक सोड्याच्या टाकीत सुटतात. त्या टाकीवर उभं राहायला कोणी तयार नसतं. मुकादम म्हणतो, तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही बायका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पोकर खेळून ठरवतो. पैसे नाही, पाळी लावतो. पाच पानं मिळतात, नको ती एकदाच बदलायची. जी आधीच पानं टाकेल तिनं आठवडाभर गटार धुवायचं. ज्या थांबतील त्यांच्यात जिची पानं सगळ्यात हलकी, ती टाकीवर.

खेळ तिला मीच शिकवला. चार बदाम आले म्हणून फुगायचं नाही, सांगितलं. पाचवा आला तर तू राणी, नाही आला तर हातात केर. म्हणून आधी मोजायचं. बदाम तेरा, चार तुझे, राहिले नऊ. न दिसलेली पानं सत्तेचाळीस. म्हणजे पाचदा थांबलीस तर एकदा येईल. पोरगी हुशार, एका दिवसात शिकली.

त्या सोमवारी तिघी उरलो. लांबडी म्हणून एक आहे पॅकिंगमधली, तिनं एकही पान बदललं नाही, म्हणजे तिचं पक्कं होतं. माझ्याकडे दोन राजे. तुझ्या लेकीनं पानं माझ्याकडे वळवली. ‘मावशी, टाकू की थांबू?’

लांबडी म्हणाली, ‘विचार बाई, मावशी काय खोटं सांगणारे?’

चार बदाम होते. मी म्हटलं, ‘थांब की. नऊ आहेत अजून.’

नऊ नव्हते. तीन माझ्या मुठीत होते. तिनं पानं टाकली असती तर गटारावर सुटली असती, आणि लांबडीच्या खाली मी एकटी उरले असते. मला माझ्या खाली कोणीतरी हवं होतं.

तिला चौकटची अठ्ठी आली. मी राजे ठेवले आणि ते तिन्ही बदाम बदलायला पालथे टाकले. कोणी बघितले नाहीत. ती हसून म्हणाली, ‘बरं झालं मावशी, नाहीतर तुला उभं राहावं लागलं असतं.’

गुरुवारी टोपलीची साखळी अडकली. ती वाकली आणि सोडा रबरी हातमोज्याच्या आत शिरला. मोजा निघेना. मला कात्री सापडेना. बाकीचं लिहीत नाही.

परवा तिनं विचारलं, ‘मावशी, सहज विचारते. तुझ्याकडे तेव्हा बदाम होते का गं?’

मी म्हटलं, ‘आठवत नाही.’

‘मग नऊच होते,’ म्हणाली. ‘माझंच नशीब.’ आणि भिंतीकडे वळली.

तू ये आणि तिला घेऊन जा. माझ्याकडे राहू दे म्हणू नकोस. मी कामावर असताना हे पत्र तिला वाचून दाखव. दोनदा सांगायला गेले, दोन्ही वेळा उशी सरळ करू का एवढंच तोंडातून निघालं.

माफ कर असं लिहिणार होते. तू माफ केलंस तरी बोटं उघडणार नाहीत आणि नाही केलंस तरी नाहीत. तेव्हा ते राहू दे.

या आठवड्यापासून टाकीवर मी आहे. न खेळता मागून घेतली. त्यानं काही फिटत नाही, मला कळतं.

आशीर्वाद लिहीत नाही.

थोरली