ड्रॉइंगबरहुकूम

८ जून, सोमवार
कोंडीरामकाका रिटायर. सेटरची जागा रिकामी. स्प्रिंगच्या मशीनवर इतकी वर्षं हात काळे केले, जागा माझीच. साहेब म्हणतात, रंगराव, आठवडाभर तुम्ही आणि समाधान एकेक मशीन सेट करा, मग बघू. समाधान! काल आलेलं लातूरचं पोरगं. भर कँटीनमध्ये माझी चूक काढली होती, सगळे हसले. व्याजासकट परत करणार.

९ जून
मशीन सेट. स्प्रिंगचा डायमीटर ड्रॉइंगबरहुकूम, केसभर फरक नाही. कोंडीरामकाका नेहमी थोडा मोठा ठेवायचे. नजर गेली होती बिचाऱ्यांची.

१० जून
समाधानच्या मशीनवरून पडलेल्या स्प्रिंगा गुपचूप व्हर्निअरनं मोजल्या. सगळ्या मोठ्या. सांगणार नाही. होऊ दे अख्खा लॉट खराब. जेवण गोड लागलं.

११ जून, गुरुवार, सुट्टी
काळेवाडीत शफीभाईंकडे शर्ट टाकला. खिशावर 'सेटर' असं भरून. बायको प्रभावती म्हणाली, कॉटन आहे, धुतल्यावर आटेल, जरा सैल शिवा. म्हटलं, मी मापाचा माणूस. घेतलं तेच माप ठेवा.

१३ जून
साहेब, क्यूसीच्या करिष्मा मॅडम, सगळ्यांसमोर मी समाधानच्या स्प्रिंगेला व्हर्निअर लावला. म्हटलं, याला सेटर केलं तर कंपनी बंद करून निघोजे गावात पानटपरी टाकावी लागेल. समाधान मान खाली घालून उभा. काय गार वाटलं!
मॅडम म्हणाल्या, दादा, या अजून ओव्हनला गेल्या नाहीत. तापल्यावर ही तार आवळते. मग ओव्हनमधून निघालेल्या दोघांच्या मोजल्या. त्याच्या बरोबर मापात. माझा अख्खा लॉट लहान.
ओव्हन खराब आहे. चौकशी झालीच पाहिजे.

१५ जून
समाधान सेटर. मला ओव्हनवर टाकलं. उत्तम. आता बघतोच हा ओव्हन माझ्याच स्प्रिंगा कशा आवळतो. समाधान हातमोजे घेऊन आला. म्हणाला, काका, जपून, लई गरम हाय. घेतले नाहीत. बोट भाजलं. याचाही बदला घेणार.

१८ जून, गुरुवार
शर्ट आला. प्रभावतीनं आधी धुतला. आता बटणं लागत नाहीत. शफीभाईंनी कापड खाल्लं, सोडणार नाही त्यांना.
प्रभावती म्हणाली, खिशावर नाव कुठंय, नुसतं 'सेटर' तर आहे. त्या समाधानला अगदी बरोबर बसेल, देऊन टाका.
उद्या नेतोय. इस्त्री मात्र करणार नाही.