आकाशाला नावं ठेवताना

४ ऑगस्ट, सोमवार
मनूला आज घरूनच काम होतं. नात माझी, पण हिचं ऑफिस करतं काय ते मला दोन वर्षांत कळलेलं नाही. विचारलं की म्हणते, आजी, आकाशातलं काम आहे. आज जेवणं झाल्यावर हाक मारली, चष्मा घेऊन ये. कॉम्प्युटरवर काळं पान, त्यावर रांगोळी सांडल्यासारखे ठिपके. एकेक मोठा करून दाखवला तर प्रत्येकाचा अवतार निराळा. म्हणे ह्या दीर्घिका. मी म्हटलं, गोड नाव आहे, कुणाची मुलगी? खूप हसली. ताऱ्यांची अख्खी गावं असतात म्हणे, आपल्या आकाशगंगेसारखी, पार लांबची. असतील. मला ते मुलीचंच नाव वाटतंय.
एकेकीला हा एवढा लांब नंबर. मनू म्हणाली, नंबर डोक्यात राहत नाहीत, तू नावं ठेव. म्हटलं, नावं ठेवायला मी एका पायावर तयार, आमच्या सासूबाईंच्या हाताखाली शिकलेय. सहा ठेवली. चकली. ताकातली रवी. तडतडलेली मोहरी. एक लांबट, तिला पडवळ. एक दुसरीच्या गळ्यात पडलेली, त्या दोघी फुगडी. सहावं विसरले.
मोठ्या यादीत जाणार नाहीत हं, माझ्या तक्त्यातच राहतील, असं म्हणाली. राहू देत.
दोडका चिरायचा राहिला तो राहिलाच.

५ ऑगस्ट
शारदम्मा दुपारी आल्या. समोरच्या दारातल्या, सगळा जन्म इथं बेंगळुरात, बनशंकरीत गेला. माझं कानडी स्वल्प, त्यांचं मराठी त्याहून स्वल्प, मध्ये मनू. त्यांनाही खुर्ची दिली. एक नुसतं कडं होतं, मधे रिकामं. मी म्हटलं कडबोळं. त्या म्हणाल्या, छे छे, कोडुबळे. मी कडबोळं, त्या कोडुबळे, बराच वेळ. मनूनं फोनवर फोटो काढून दाखवले तर दोन्ही एकच. तरी हटेनात. शेवटी "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या, पण तोंड वाकडं करून. तक्त्यात दोन्ही नावं लिहिली.
त्या रोज सहस्रनाम म्हणतात म्हणून विचारलं, एकट्या देवाला हजार नावं आणि ह्या एवढ्या जणींना एकही नाही, हे कसं? त्या कानडीत काहीतरी म्हणाल्या. मनूनं सांगितलं, त्या म्हणतात की ती हजार ह्यांचीच असतील, आपण सगळी एकट्यालाच देऊन बसलो.
वाती वळताना तेच डोक्यात.

७ ऑगस्ट
आज कोपऱ्यात एक पुसट होती. पाटीवरचं अक्षर बोटानं पुसल्यावर उरतं तशी. मनू म्हणाली, हिला आकार कळत नाही, फार लांब आहे, हिला काय म्हणू या? मी म्हटलं, हिला राहू दे. का गं? काही नाही, राहू दे.
पडले तर डोळ्याला डोळा नाही. लिहून टाकते, इथं कोण वाचतंय.
शेखरच्या, म्हणजे मनूच्या बापाच्या, आधी मला मुलगी झाली होती. अकराव्या दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. तासगावच्या घरात पाळणा बांधून झाला होता, घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातले होते. ते कुणी टाकलेही नाहीत आणि शिजवलेही नाहीत. चार दिवसांनी त्यांना हे एवढे मोड आले होते.
सासूबाई म्हणाल्या, बारशाआधी गेली, तिचं काही करायचं नसतं. नाव नाही, म्हणून काही नाही. हेही कधी बोलले नाहीत. मला कुणी विचारलं, मुलं किती, की मी म्हणते एक.
नाव ठरलं होतं मात्र. वन्संनी ठरवलं होतं, ह्यांच्या बहिणीनं. आत्याचाच मान. मी किती खोदून विचारलं होतं, बाळंतिणीच्या खाटेवरून. "वहिनी, बाराव्या दिवशी कानात सांगेन, आधी तिच्या, मग तुमच्या." मग बारावा दिवस आलाच नाही. पुढं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. त्रेपन्न वर्षं.

८ ऑगस्ट
वन्संचं पाकीट आलं मिरजेहून. आत राखी. ह्यांच्या नावानं.
ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. वन्संच्या सुनेला फोन केला तर म्हणाली, मामी, रागावू नका, ऐकेचनात, रडायला लागल्या म्हणून टाकलं पोस्टात. हल्ली असंच चाललंय, सकाळचं दुपारी आठवत नाही, जुनं कधी कधी लख्ख.
राखी ह्यांच्या फोटोला बांधली. दुसरं काय करणार.
म्हणजे ते नाव आता एकट्या वन्संपाशी आहे, आणि वन्सं चालल्या विसरत.

११ ऑगस्ट
मनू सांगत होती, त्या पुसट दीर्घिकेचा उजेड निघाला तेव्हा माणूस जन्माला आला नव्हता. आपण बघतो ते केव्हाच होऊन गेलेलं असतं. मी म्हटलं, मग उजेडाला पोचायला त्रेपन्न वर्षं लागतात तिथं कुणी बसलं असेल तर? ती म्हणाली, इतक्या जवळ दीर्घिका नाही आजी, एखादा तारा असेल. असू दे तारा. तिथून तासगावात डोकावलं तर? तर म्हणे तेव्हाचं तासगाव दिसेल. म्हटलं, मग पाळणा बांधलेला दिसेल.
कुणाचा पाळणा, असं तिनं विचारलं. मग सांगावंच लागलं.
तिनं कॉम्प्युटर मिटला. मग म्हणाली, पपांना माहितेय? नाही. आत्याआजीला विचारू या ना, आजच. म्हटलं, आज नको, राहू केतू शनि मंगळ काहीतरी काढलं. खरं म्हणजे भीती वाटते. त्या "कुठली मुलगी?" म्हणाल्या तर मग ती कुठंच नाही.

१३ ऑगस्ट
फोन केला. वन्सं म्हणाल्या, दादा जेवला का? म्हटलं, जेवले. काय केलं होतं? दोडका. त्याला दोडका नाही आवडत वहिनी. हो ना, तरी जेवले.
विचारलं नाही.

१६ ऑगस्ट, गोकुळाष्टमी
झोपायच्या आधी लिहून ठेवते.
शारदम्मांकडे संध्याकाळी कृष्णाचा पाळणा. उंबऱ्यापासून पिठाची इवली पावलं, डबाभर चकल्या नि कोडुबळे (आज मीही कोडुबळेच म्हटलं, त्यांचा सण). मनूनं तिथूनच मिरजेला फोन लावला, तोंड दिसतं तो. वन्सं कॉटवर बसलेल्या, केस अगदी पांढरे. त्यांना पाळणा दिसला नि चेहराच बदलला. म्हणाल्या, "वहिनी, बारसं आज आहे होय? आणि मला बोलवायचं नाही? आत्याशिवाय नाव कोण ठेवणार?"
पुढं वाकून वन्संनी विचारलं, "कुठंय पोरगी?"
मनू पळत घरी गेली, कॉम्प्युटरच घेऊन आली, ती पुसट मोठी करून फोनसमोर धरली. ही काय, आत्याआजी. मला वाटलं, आता ओरडतील, हा काय चेष्टेचा विषय? त्या बघत राहिल्या. "किती लांब ठेवलीय. थंडी वाजेल. जवळ आणा." मनूनं फोन पडद्याला टेकवला, अगदी कानाशी धरावा तसा. वन्संनी दोन्ही हात तोंडाशी नेले. कुर्र ऐकू आलं. तेवढं स्पष्ट. पुढचं हळू. आणि नेमकी शारदम्मांची घंटा सुरू झाली, आरतीची.
मनूलाही ऐकू आलं नाही.
म्हटलं, वन्सं, आता मोठ्यानं सांगा. हसल्या, पूर्वीच्या वन्संसारख्या. "आधी पाठीत धपाटे घाला, मग सांगते. फुकट नाही." आता मी बेंगळुरात, त्यांची पाठ मिरजेत. सून बाहेर दूध आणायला गेलेली. मी फोनच्याच पाठीवर थोपटलं. शारदम्मांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी माझ्याच पाठीत एक घातला.
मी पुन्हा विचारलं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं नि म्हणाल्या, दादा जेवला का?

१७ ऑगस्ट
सकाळी फोन केला. कालचं काही आठवत नाही. सुनेला म्हणे फक्त एवढं म्हणाल्या, काल कुणाच्या तरी घरी जाऊन आले, पोर गोरी आहे.
मनू तक्ता घेऊन बसली. म्हणाली, आजी, ह्या रकान्यात काय लिहू? निनावी लिहू? म्हटलं, खबरदार. लिही, नाव ठेवलंय, आत्याला ठाऊक. तिनं तसंच लिहिलं. मला वाचूनही दाखवलं.
मिरजेचं तिकीट बघ म्हटलं, पुढच्या आठवड्यातलं. धपाटे असे फोनवरून लागत नाहीत. खरोखरचा एखादा पाठीत बसला तर आठवेलही. नाहीतर नुसतीच बसून येईन त्यांच्याजवळ.
शेखर आत्ता स्वयंपाकघरात डोकावला. हरभरे कसले भिजवलेस, उद्या उसळ का? म्हटलं, बस इथं. उसळ नाही, घुगऱ्या.