बसल्या कोंबडीचा रस्सा

केळझर
९ जानेवारी २००१

प्रिय रक्षा,

आणि तुझ्याआधी ज्यांनी हे पाकीट उघडलं असेल त्यांनाही नमस्कार. तुझ्या नावाचं पत्र आधी सासूबाई वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. त्यांचा चष्मा सापडत नसेल तर तूच मोठ्याने वाचून दाखव, माझी हरकत नाही. फोन केला असता, पण तुमचा फोन दुकानात, गल्ल्याजवळ, आणि गल्ल्यावर तुझे सासरे. तिथे उभी राहून तू "मी बरी आहे" यापलीकडे एक शब्द बोलत नाहीस. बरी असलेली माणसं एवढ्यांदा बरी आहे म्हणत नाहीत गं. मला दुसऱ्या कोणाकडून नाही, तुझ्याकडून खबर हवी होती.

तुला बरं वाटावं म्हणून गोड गोड लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. आता जसं मनात आहे तसंच लिहिते, कारण मी चिडलेली आहे आणि ते लपवायला मला येत नाही.

योगेंद्रराव गेल्या आठवड्यात इथून परत आले तेव्हा त्यांनी सांगितलंच असेल की सासुरवाडीला पाहुणचार झाला, टॉवेल-टोपी झाली, कोंबडीचा रस्सा झाला. तो रस्सा कोणत्या कोंबडीचा होता हे त्यांना माहीत नाही. तुला माहीत असावं. आपली बोडक्या मानेची तांबडी, जिला तू लग्नाआधी तळहातावर कण्या चारायचीस, तीच.

ती खुडूक झाली होती. अंग फुगवून कुर्र कुर्र करत फिरायची, कोणाला जवळ येऊ देईना. आपली अंडी थोडी होती, म्हणून गावाबाहेरच्या टोलीवरच्या, त्या चार घरांच्या वस्तीतल्या धुरपतानं तिच्या काळ्या कोंबडीची दिली. रीत तुला ठाऊक आहे: अंडी एकीची, कोंबडी दुसरीची, पिल्लं अर्धी अर्धी, आणि मेली तर दोघींची मेली. टोपलीत राख पसरली, वर तणीस, ढग गडगडले तर अंडी नासू नयेत म्हणून कडेला लोखंडी खिळा. तांबडी बसली ती अशी बसली की दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपायची, घोटभर पाणी प्यायची आणि धावत परत जायची. मी रोज तिला पाहत होते आणि तुझा विचार करत होते. पिल्लं निघायच्या सुमाराला तू इथे असशील, बाजेवर बसून पाहशील, असं माझ्या डोक्यात होतं. बाजेला नवी सुतळी भरून घेतली होती. मागची खोली सारवली होती. सातवा महिना सरला की लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, यात कोणी कोणाला विचारायचं काय असतं?

तर जावई आले. एस.टी.तून उतरताना मी त्यांना लांबून पाहिलं, आणि मागून तू उतरशील म्हणून बघत राहिले. गाडी निघून गेली तरी बघत होते. मग चहा झाला, आणि चहा संपल्यावर त्यांनी कप खाली ठेवत सांगितलं की रक्षाचं बाळंतपण समुद्रपूरलाच होईल. कापसाची वेचणी चालू आहे, आईचे गुडघे धरलेत, वेचणाऱ्या बायांचा चहा-भाकर पाहायला घरात दुसरं कोणी नाही. आणि वर म्हणे, "तिलेच यायचं नाई म्हणते, मामाजी." मी चुलीजवळ होते. तव्यावरची भाकर करपली. तुझे बाबा काय म्हणाले माहीत आहे? "बरं बरं, तुमचं घर हाये, तुमी पाहा." एवढंच. एखादं बी-बियाणं यंदा कुठं पेरायचं ते ठरावं तसं ठरलं. मग मला म्हणाले, शोभाबाईच्या दुकानातून मसाल्याला खोबरं घेऊन ये, जावयांना बिनजेवता पाठवायचं आहे का.

मी खोबरं घेऊन आले तेव्हा अंगणात तांबडी पिसं पडली होती आणि टोपलीत अंडी उघडी. मला वाटलं मांजर आलं. मांजर कुठलं, तुझे बाबा! हातावर तिनं चोचीनं चांगलं रक्त काढलं होतं, तरी त्यांनी सोडलं नाही. मी विचारलं, दुसरी कोंबडी नव्हती? तर म्हणाले, "बाकीच्या पळून गेल्या. हे बसून होती, हातात लागली. जावई दारात अन् मी कोंबड्याइच्या मागं गावभर पळू काय?" सांग आता. बसली होती म्हणून कापली. ती पळत नव्हती, कारण तिच्या पोटाखाली जीव होते, आणि तेच तिला महागात पडलं. आपल्या गावात बसल्या कोंबडीला कोणी हात लावत नाही. चोर नेतो तोही दुसरी नेतो.

पाहुण्यांसमोर तमाशा नको, हे मला आजवर शंभरदा सांगितलं गेलं आहे, आणि मी ऐकत आले आहे. त्या दिवशी नाही ऐकलं. खोबरं त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, तुम्ही कापली, तुम्हीच शिजवा. अंड्यांवर गोधडी टाकली, टोपली कंबरेवर घेतली आणि टोलीवर निघाले. रस्सा खारट होता असं योगेंद्ररावांनी सांगितलं असेल तर तो मी केलेला नव्हता, एवढं कळवून ठेवते.

धुरपता आधी माझ्यावरच ओरडली. "बसली कोंबडी कापली? महादेवरावले दुसरं काई दिसलंच नाई?" मी म्हटलं, मले काऊन बोलतं, त्याइले बोल. मग तिनं टोपली हातातून घेतली. तिची एक कोंबडी तेव्हाच खुडूक झाली होती, पण धुरपताला अंडी विकायची होती, म्हणून खुडूक मोडायला नाकात पीस खुपसून डालीखाली कोंडून ठेवली होती. तिनं पीस ओढून काढलं. आम्ही घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि अंडी हळूच सोडली. आत जीव असला की शेवटच्या दिवसांत अंडं पाण्यावर थरथरतं, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. काही नुसतीच तरंगत राहिली. मी घमेल्यावर वाकून बसले होते. मग एक हललं, मग त्याच्या शेजारचं, आणि धुरपता आणि मी दोघी हसलो आणि लगेच रडलो. त्या कोंबडीनं अंडी पुढ्यात आल्याबरोबर पंख पसरून आत ओढून घेतली. दुसऱ्याची आहेत, आजच आली आहेत, असं काही तिच्या मनात आलं नाही.

पिल्लं निघाली आहेत. सगळी नाही, पण बरीच. काळी आहेत, एकाच्या मानेवर मात्र लव नाही. ते आपलं असणार. माझा वाटा धुरपतानं तिथेच ठेवला आहे, आईमागं फिरायचे दिवस आहेत, मोठी झाली की नेजो म्हणाली. काल तिचा कुत्रा जरा जवळ आला तर ती कोंबडी त्याच्या तोंडावर झेपावली, आणि एवढा मोठा कुत्रा शेपूट घालून पळाला. मला फार बरं वाटलं ते पाहून. खोटं कशाला सांगू.

घरी मात्र बोलणं बंद आहे. तुझे बाबा म्हणतात, एका कोंबडीसाठी तोंड फुगवून राह्यली. त्यांना कोंबडीच दिसते. मी विचारलं, रक्षाला यायचं नाही हे तुम्ही तिच्या तोंडून ऐकलं का? तर म्हणे, जावई खोटं काऊन बोलतीन? मी म्हटलं, मग जा, मुराळी होऊन जा आणि विचारून या. धर्मेंद्र इथे असता तर बहिणीला आणायला तोच गेला असता, पण तो सुरतेला, मिलमधून सुटी नाही. तर तुझ्या बाबांना आता पौष महिना आठवला. पौषात लेक आणत नाहीत म्हणे! पोटातलं लेकरू पौष सरेपर्यंत थांबतं का? पंचांग पाहून कळा येतात का? गेल्या पौषात हेच गृहस्थ बैल विकत घ्यायला गेले होते, तेव्हा महिना आडवा आला नाही.

आणि आता जे मला खरं लिहायचं आहे ते. शोभाबाई जावई यायच्या दोन दिवस आधी हिंगणघाटला जाऊन येताना तुमच्या दुकानाशी उतरल्या होत्या. तू त्यांना पाणी दिलंस, हसलीस, सगळं बरं आहे म्हणालीस. त्यांनी मला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण खोबरं बांधून देताना राहवलं नाही त्यांना. म्हणाल्या, रक्षा नवऱ्याची चप्पल घालून उभी होती, तिची तिच्या पायात जात नव्हती, एवढी सूज. आणि हातात वेचणाऱ्या बायांच्या भाकरींची टोपली. हे मी ऐकून घरी आले, आणि अंगणात ती पिसं. आता समजलं असेल मी कशानं पेटले आहे.

संक्रांतीची कर झाली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी निघते आहे. वर्ध्याला उतरून हिंगणघाट, तिथून समुद्रपूर. बाई कधी मुराळी जाते का, असं लोक विचारतील. विचारू देत. बोलावल्याशिवाय विहीणबाई आल्या, असं तुझ्या घरी म्हणतील. म्हणू देत, मी चहा पिईन आणि त्यांच्या गुडघ्यांना लावायला तेलही आणीन. हे पत्र तुझ्या हाती न पडता चुलीत गेलं तरी मी येणार आहे. सासऱ्यांशी मी बोलेन, जावयांशी बोलेन, भांडावं लागलं तर भांडेन. पण एक गोष्ट मला करता येणार नाही, आणि त्यासाठीच हे पत्र आधी पाठवते आहे. मी तुमच्या ओसरीवर सगळ्यांच्या देखत तुला विचारणार, "रक्षा, येतं का माह्यासंगं?" तेव्हा सगळे तुझ्याकडे पाहतील. त्या वेळी तू नेहमीसारखी मान खाली घालून "राहू दे आई" म्हणालीस, तर मला एकटीला परतीची एस.टी. धरावी लागेल, कारण तुझ्याच तोंडचा नकार घेऊन मी कोणाशी भांडू? तुला मधले काही दिवस मिळत आहेत. भाकरी थापताना म्हणून पाहा, पाणी भरताना म्हणून पाहा, ओठांतल्या ओठांत म्हटलंस तरी चालेल. फक्त "हो" म्हणायचं आहे, बाई. बाकीचं सगळं मी बोलते.

गाडीत दोघींची जागा धरून बसलेली,
तुझीच
आई