गुरुवारचा पेपर

धाटाव,
सोमवार, २ डिसेंबर १९९६

प्रिय सरू,

तुझ्यावर मी भयंकर चिडले आहे, हे आधीच सांगून टाकते. काल मी आणि पाशिलकर सर गडबच्या वीटभट्टीवर आलो होतो. तुझी आई विटा थापता थापता, मान वर न करता म्हणाली, “नाय गो ती हतं. मामाकडं गेली.” आणि विटांच्या थराच्या आडून तुझी हिरवी ओढणी दिसत होती. सरांनाही दिसली असणार. पण ते तसेच रस्त्याकडे वळले. परतीच्या एसटीत मला रडू आवरेना.

संस्थेचे हैबतराव म्हणतात ते तू मनावर घेतलंस, हेच मला खटकतं. कातकरवाडीच्या पोरीला रसायनशास्त्रात एवढे गुण म्हटल्यावर त्यांच्या पोटात दुखायचंच. “सर शिकवीत नायत, पोरांचे घोळके करून बसवतात, हिनं कुणाचं तरी उतरवलंय,” म्हणे! अगं, सहामाहीला तू खालच्या हॉलमध्ये होतीस, तुझ्या गटातले आम्ही तिघं, मी, किमया आणि जगन, वरच्या मजल्यावर. उतरवणार कुणाचं, भिंतीचं? तरी त्यांनी गुरुवारी अकराला, बाहेरच्या परीक्षकासमोर, तुझ्या एकटीचा पेपर लावला. तू आली नाहीस तर गुण रद्द आणि सरांचे गटही बंद. आणि हे कळल्यावर तू काय केलंस, तर त्याच संध्याकाळी वसतिगृहातली पेटी उचलून भट्टी गाठलीस.

जूनमध्ये सरांनी पहिल्यांदा छापील कागद वाटून “धडा घरी वाचून या, वर्गात मी गणितं देणार” म्हटलं, तेव्हा आपण सगळेच हबकलो होतो. माझे बाबा शिफ्टवरून येऊन विचारायचे, “मास्तर नाय शिकवत, तर कॉलेजात जाता कशाला?” आधी ज्याने त्याने एकट्याने सोडवायचं, मग चौघांनी भांडायचं, आणि शेवटी सर कुणालाही फळ्याजवळ बोलावणार. त्याचं चुकलं की गुण सगळ्या गटाचे जाणार. तुझं नाव आलं तेव्हा जगन पुटपुटला, “मेलो!” तू फळ्याकडे पाठ करून आमच्याकडे बघत होतीस. मग वळलीस आणि समीकरण बरोबर जुळवलंस. त्यानंतर जगन तुझ्या शेजारची जागा कुणाला देईना.

जाताना तू किमयाला म्हणालीस, “ते मार्क माझे नायत गो, तुमच्यातले हायत.” मग माझे कुणाचे? मोलची गणितं मला तुझ्याशी भांडूनच आली. गुरुवारी तुला सगळं जमेलच असं मी छातीठोकपणे सांगत नाही. परक्या माणसासमोर तुझा हात अडतो, ते मी पाहिलंय. मलाही भीती वाटते. पण न येता हरलीस तर पुढच्या वर्षी तुझ्या वाडीवरची कुठली पोर सायन्सला येईल, सांग.

आता जे लिहिणार आहे ते तुला सांगायचं नाही असं आम्ही तिघांनी ठरवलं होतं. पत्र घेऊन आलेल्या जगनला कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही. शनिवारी आम्ही प्राचार्यांना लिहून दिलंय, की सरूचे गुण खोटे असतील तर आमचेही खोटे. गुरुवारी ती आली नाही तर आमचेही रद्द करा. हैबतरावांनी हसत हसत सही केली. जगन म्हणतो, तिच्यावर ओझं नको, तिला वाटलं तरच येऊ दे. मी इतकी चांगली नाही, सरू. स्वतःसाठी तू कध्धी येणार नाहीस, म्हणून आमच्यासाठी बोलावते आहे. आमचं वर्ष तुझ्या हातात आहे. ये.

तुझीच,
प्रणिता