चार ते पाच

१८ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा ग्वाल्हेरला. जळगावहून निघताना आई म्हणाली होती, तिकडे मराठी बोलायला कोणी मिळायचं नाही. इथे घरमालकीण मंदाताईंनी दार उघडताच मराठीतच विचारलं, आधी नहाणार की चहा घेणार. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले, त्याला सहा पिढ्या झाल्या. मुलगा भोपाळला नोकरीत आहे, म्हणून वरची खोली मला दिली. हरिशंकरपुरमची गल्ली शांत आहे. खिडकी समोरच्या घराकडे उघडते.

ऑफिस टोपी बाजारात, एका कापडाच्या दुकानावर. दौलतसिंहांची छोटी कंपनी, नऊशे घरांना इंटरनेट पुरवते. यंत्रं सांभाळणारा मी एकटाच. मला हे काम मनापासून आवडतं. लोकांना वाटतं, इंटरनेट आकाशातून येतं. ते खांबावरच्या डब्यातून येतं. घरात कोणी काही उघडलं की आधी आमच्या यंत्राला प्रश्न येतो: अमुक कुठे आहे? यंत्र पत्ता सांगतं, मग माहितीचं पाकीट तिकडे जातं. हे सगळे प्रश्न एका यादीत पडत राहतात, घराच्या नंबरासकट. दौलतसिंहांनी पहिल्याच दिवशी हिंदीत बजावलं, यादी बिघाड शोधायला आहे, वाचायला नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

तक्रार समोरच्याच घरातून. सीमंतिनी. एकटी राहते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गल्लीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून तिचं सगळं आमच्या तारेवर. राउटर लोखंडी कपाटामागे ठेवला होता, तो खिडकीत आणला आणि काम झालं. तिने स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली. म्हणाली, आमची मराठी हिंदीने बिघडवलीय, हसू नका. आणि मला सीमाच म्हणा.

मग विचारलं, आम्ही काय बघतो ते तुम्हाला दिसतं का? मी म्हटलं, पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र नाही.

“पण पत्ता तरी का वाचायचा? कोण रोज कोणाला लिहितं एवढं कळलं, तरी अर्धं माणूस कळलं की.”

मी नुसता हसलो. घरी येऊन बराच वेळ तिच्या खिडकीकडे बघत बसलो.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

बाजारात ताजी गजक आली आहे, इथली तिळगुळाची वडी. पाव किलो घेऊन गेलो. रविवारी चारला बाड्यावर, इथल्या मोठ्या चौकात, चक्कर मारू, असं विचारलं. ती म्हणाली, चारला नाही जमत. चार ते पाच तिचा वेळ ठरलेला असतो. कोणासाठी, ते सांगितलं नाही. पण सांगताना चेहरा असा उजळला की गजकचा पुडा माझ्या हातातच राहिला.

विचारलं असतं तर बहुतेक सांगितलं असतं. मी नाही विचारलं.

२ डिसेंबर, सोमवार

यादी उघडली. फक्त तिच्या घराची.

रोज बरोबर चारला एकच प्रश्न: व्हिडिओ कॉलच्या साइटचा पत्ता. मग तासभर दोन्ही बाजूंनी भरपूर वाहतूक. पाचला बंद. एकही दिवस चुकलेला नाही, रविवारसुद्धा नाही. समोर कोण, ते यादीत नसतं. ते नसणंच मला कुरतडतंय. मी त्याला चारवाला म्हणायला लागलोय.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज साडेतीनलाच ऑफिसातून निघालो. पडद्याआडून पाहिलं. चारला पाच मिनिटं असताना तिने केस विंचरले, नवी ओढणी घेतली. मग स्क्रीनसमोर बसून हसत होती. वाटीतलं काहीतरी कॅमेऱ्यापुढे धरून दाखवलं, मग स्वतः चमचाभर खाल्लं. एकदा स्क्रीनवर हात ठेवला, गालावर ठेवावा तसा.

माझ्यासाठी कोणी कधी केस विंचरले नाहीत. त्या माणसाचं वय, नोकरी, आवाज, मी सगळं ठरवून टाकलंय. गोरा असणार. बंगलोरला असणार. मूर्ख असणार.

९ डिसेंबर, सोमवार

स्पीड कमी करायला एक आकडा बदलावा लागतो. चार ते पाच, फक्त तिचं घर. आवाज तुटेल, चित्र अडकेल. भांडतील आणि कंटाळतील. कोणाचं काही बिघडत नाही यात.

१२ डिसेंबर, गुरुवार

तिने तक्रार केली, दौलतसिंहांनी मलाच पाठवलं. तिचे डोळे सुजलेले.

“दिवसभर छान चालतं, फक्त चारलाच कसं अडकतं? मला तो एक तास फार...”

मी तारा हलवल्यासारखं केलं आणि सांगितलं, बिघाड वरून आहे, दिल्लीकडून. तिने विश्वास ठेवला. कॉफीही दिली. जिना उतरताना मला बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

१६ डिसेंबर, सोमवार

एवढं अडकूनही रोज लावतेच. चारवालाही चिवट आहे. आज पावणेपाचला लाइन पूर्ण बंद केली.

खिडकीतून दिसलं, ती मोबाइल उंच धरून गच्चीवर धावली. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मी चहा केला. पाचला लाइन सुरू केली.

१७ डिसेंबर, मंगळवार

मंदाताई सकाळी रडत वर आल्या. सीमाची आई गेली. अनसूयाबाई, हैदराबादला, मुलाकडे. रक्ताचा आजार होता, महिनोन्‌महिने इस्पितळात. बाहेरच्यांना भेटू देत नसत, म्हणून नर्स रोज चारला कॉल लावून द्यायची. सीमा समोर बसून खायची, तेव्हाच आई दोन घास घ्यायची. वीस तारखेला कॉलेज संपलं की ती जाणारच होती.

काल पाचला दहा कमी असताना त्या गेल्या. शेवटपर्यंत काळ्या स्क्रीनकडे बघत म्हणत होत्या, सीमा, दिसत नाहीस गं.

मी मंदाताईंना विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं? त्या म्हणाल्या, सगळ्या गल्लीला माहीत होतं. तुम्ही विचारलं असतं तर तुम्हालाही सांगितलं असतं.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते इथे तरी खरं लिहितो. आलं, की म्हणजे कोणी पुरुष नव्हता. सुटल्यासारखं वाटलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

सीमा परवाच हैदराबादला गेली. घराला कुलूप, मेन स्विच बंद. सगळी गल्ली तिच्या आईबद्दलच बोलते. मेलेल्या बाईचाही मला हेवा वाटतोय. आता सीमा वर्षभर तिच्यासाठीच रडणार.

खांबावरच्या डब्यातून तिची तार मीच काढून ठेवली. परत आली की तक्रार करावी लागेल. मग मला जावं लागेल.

२० डिसेंबर, शुक्रवार

चार वाजता यादीत तिच्या घराचा नंबर आला.

राउटर बंद, तार माझ्या ड्रॉवरमध्ये. प्रश्न कुठल्या साइटचा नव्हता. रोमन अक्षरांत, मराठी:

सीमा-कुठे-आहे

यंत्राने उत्तर दिलं, असं नाव नाही. एका सेकंदाने परत तोच प्रश्न. पाचपर्यंत, तीन हजारांहून जास्त वेळा.

२१ डिसेंबर, शनिवार

चारपासून: सीमा-दिसत-नाहीस.

दौलतसिंहांना बोलावून दाखवलं. त्यांच्या स्क्रीनवर तिचं घर कोरं होतं. मग त्यांनी विचारलं, ग्राहकाची यादी तू का उघडलीस? कधीपासून बघतोयस? मी माझी स्क्रीन बंद केली. सोमवारी बसून बोलू, म्हणाले.

२२ डिसेंबर, रविवार

ऑफिसला गेलो नाही. घरूनच यादी उघडली. न बघून राहवत नाही.

आज प्रश्न वेगळा:

मध्ये-कोण-आहे

तिच्या घरातून. मग शेजारच्या घरातून. मग कोपऱ्यावरच्या. खाली मंदाताई टीव्ही बघत होत्या, त्यांच्या नंबरावरूनही. मध्ये-कोण-आहे. असं नाव नाही. मध्ये-कोण-आहे. असं नाव नाही —

२३ डिसेंबर, सोमवार

दौलतसिंहांना सगळं सांगितलं. स्पीड, तार, सगळं. त्यांनी चाव्या मागितल्या. सीमाला तू स्वतः फोन करून सांग, म्हणाले, नाहीतर मी सांगेन.

केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग फक्त विचारलं, पावणेपाचला? मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला नाही. मीच ठेवला.

चारला नऊशेच्या नऊशे घरांतून —

२४ डिसेंबर

सामान भरलं. गाडी सहाची. खोलीतली तार सकाळीच उपटली. लॅपटॉप बंद केला होता. चारला आपोआप सुरू झाला.

मध्ये-कोण-आहे. या वेळी उत्तर ‘असं नाव नाही’ आलं नाही. आकडे आले. माझ्या लॅपटॉपचा नंबर —

झाकण लावलं तरी कडेने उजेड. उघडलं. कॉल लागलाय. चित्र अडकत अडकत येतंय, तुकड्या-तुकड्याने. उशी. सलाइनची नळी. पांढरे केस —

तार नाही. रेंज नाही. कुठून —

मंदाताईंना हाका मारल्या. खालून उत्तर नाही —

चेहरा आला. ओठ हलतायत, आवाज अजून नाही. सीमाला नाही शोधत. सरळ इकडे बघतेय. हात पुढे करतेय, काचेवर — काचेच्या या बाजूला —

आता आवाज. म्हणतेय, दिसला